खिशातला चाकू : आधी लॉक, मग पातं

चाकू म्हटलं की डोळ्यांसमोर हिंदी पिक्चरमधला रामपुरी येतो. खटका दाबला की फट्‌दिशी उघडणारा, आणि समोरचा दोन पावलं मागे! या लेखाचा त्याच्याशी काही संबंध नाही. मी लिहितोय ते कामाच्या चाकूबद्दल. गोणीची सुतळी, केबलचं आवरण, पॅकिंगची पट्टी, रबरी पाइप, झालंच तर दुपारच्या डब्यातला कांदा, हे सगळं कापणारा आणि घडी होऊन खिशात जाणारा चाकू.

माझं गाव वेवजी, तलासरी तालुक्यात, अगदी गुजरातच्या हद्दीवर. गावातली बरीच माणसं रोज हद्द ओलांडून उंबरगावच्या जीआयडीसीत कामाला जातात. घरोघरी कोयता आणि विळा असतोच. ट्रकच्या कमानीच्या पाट्यापासून घडवलेला कोयता काय तोडत नाही? पण तो कमरेला खोचून कंपनीच्या गेटमधून आत सोडत नाहीत. म्हणून मग बाजारात मिळेल तो घडीचा चाकू घेतला जातो. घेताना माणूस काय बघतो? अंगठ्यावर धार बघतो, पातं चकचकीत आहे का बघतो, आणि भाव करतो. बिजागरीकडे कोणी बघत नाही, आणि घात तिथेच होतो.

माझे एक काका एका कारखान्यात पॅकिंगला होते. जाड रबराच्या शीटमध्ये चाकूचं टोक खुपसलं, ते अडकलं. बाहेर काढताना पात्याच्या पाठीवर दाब आला आणि पातं मिटलं, थेट तर्जनीवर. आतला टेंडन तुटला. ऑपरेशन झालं, पण बोट आजही पूर्ण वळत नाही. रोजंदारीचं काम, त्यामुळे बसून काढलेल्या दोन महिन्यांचा पगार शून्य. त्या चाकूला लॉकच नव्हतं. पातं उघडं ठेवायला फक्त पाठीमागची स्प्रिंग होती.

आता हे फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्समध्ये बसवून बघू. समजा पातं ८० मिमी लांब आहे आणि लॉक पात्याला जिथे टेकतं ती जागा पिव्हटपासून ८ मिमीवर आहे. टोकावर पाठीच्या बाजूने ५ किलोचा भार आला, तर मोमेंट ४०० किलो-मिमी. लॉकला तो ८ मिमीच्या भुजेवर पेलायचा आहे, म्हणजे ५० किलो! दहापट. पोतं भोसकताना, टोकाने काही उचकटताना ५ किलो सहज लागतात. उलट नेहमीच्या कापण्यात भार धारेच्या बाजूने येतो आणि तो स्टॉप पिनवर जातो, लॉकवर नाही. म्हणूनच बिनलॉकचा चाकू वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतो आणि एक दिवस बोट घेऊन जातो.

लॉकचे प्रकार बरेच आहेत, पण आपल्याला भेटतात ते थोडेच. लायनर लॉकमध्ये मुठीच्या आतली पातळ पट्टी स्प्रिंगसारखी सरकून पात्याच्या बुडाला टेकते. फ्रेम लॉकमध्ये तेच काम मुठीची जाड भिंत करते. बॅक लॉकमध्ये पाठीवरची दांडी पात्याच्या खाचेत बसते. ओपिनेल नावाचा फ्रेंच चाकू १८९० पासून बनतो आणि त्याला १९५५ पासून फिरती कडी आहे. कडी फिरवली की फट बंद, पातं मिटायला जागाच उरत नाही. इतकं साधं डिझाइन की आपल्या वर्कशॉपच्या सरांनी व्हायवात विचारावं. व्हिक्टोरिनॉक्सचा लाल चाकू सगळ्यांना माहीत असतो, पण त्याच्या नेहमीच्या ९१ मिमीच्या मॉडेलांच्या पात्याला लॉक नसतं. लॉक हवं असेल तर १११ मिमीची मॉडेलं बघावीत.

दुकानात बघायचं ते असं. पातं उघडून टोक धरा आणि डावी-उजवीकडे, वर-खाली हलवा. खडखड जाणवली तर परत ठेवा. मग बोटं पात्याच्या वाटेतून पूर्ण बाजूला घेऊन, पात्याची पाठ लाकडी टेबलावर हळूहळू दाबा. आपटायचं नाही. लॉक सरकलं तर चाकू फुकट दिला तरी घेऊ नका. लायनर लॉकची पट्टी पात्याच्या बुडाला जेमतेम काठावर टेकत असेल तर तेही धोक्याचंच. दुकानदार कुरकुर करतो. करू दे!

स्टीलबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण पोरं यातच रात्र रात्र घालवतात. पात्यावर नुसतं ‘स्टेनलेस’ लिहिलेलं असेल तर त्यावरून काहीच कळत नाही. चमचाही स्टेनलेस असतो. ४४०सी मध्ये साधारण १ टक्का कार्बन आणि १६ ते १८ टक्के क्रोमियम असतं. डी-२ हे मुळात डाय बनवायचं स्टील, कार्बन दीड टक्क्याच्या आसपास. धार खूप टिकते, पण क्रोमियमचा मोठा भाग कार्बाइडमध्ये अडकलेला असल्याने गंज पूर्ण टळत नाही. साधं कार्बन स्टील दगडावर पटकन धार घेतं, मात्र कैरी कापली की काळं पडतं, आणि आमच्याकडच्या पावसाळ्यात दोन दिवस ओलं राहिलं की गंजलंच समजा. हार्डनेस ५६ ते ५८ रॉकवेल सी असला तर माझ्या मते रोजच्या कामाला पुरे. ६१-६२ चं पातं ऐकायला भारी वाटतं, पण घरच्या साध्या दगडावर त्याला धार लावताना जीव जातो, आणि टोकाने काही उचकटलं तर ते तुटतं.

धारेचा कोन प्रत्येक बाजूला २० अंश ठेवा. पातं २० मिमी रुंद असेल तर दगडावर त्याची पाठ सुमारे ७ मिमी उचलायची. साइन २० वापरून करून बघा. धारेच्या कडेला मार्करची शाई लावून दोनदा घासलं की कोन बरोबर आहे का ते शाई कुठून गेली त्यावरून लगेच दिसतं.

मुठीसाठी जी-१० चांगलं. हे काचेचं कापड आणि इपॉक्सी, म्हणजे आपल्या पीसीबीचाच सख्खा भाऊ. घामट हातातही पकड सुटत नाही. लाकूड दिसायला छान, पण पावसात फुगतं आणि पातं मुठीत घट्ट बसतं. नुसती स्टीलची मूठ तेलकट हातातून निसटते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. काम फक्त खोके फोडायचं असेल तर घडीचा चाकू घेऊच नका. तुकडे मोडत जायचं पातं असलेला कटर १९५६ साली जपानमध्ये निघाला. खोक्यांसाठी तोच स्वस्त आणि बरा. धार गेली की तुकडा मोडला, संपलं.

कायद्याचंही बघून ठेवा. शस्त्र नियम २०१६ नुसार ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं शस्त्रांत मोडतात. घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक वापरासाठी बनवलेली त्यातून वगळली आहेत. कामाला ३ इंचांचं पातं भरपूर झालं, म्हणजे आपण त्या मापाच्या जवळपासही जात नाही. तरीही महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाईचा आदेश निघाला असेल तर सार्वजनिक ठिकाणी सुरा-चाकू बाळगता येत नाही, आणि सणासुदीला, निवडणुकीला असे आदेश निघतात. विमानात केबिन बॅगेत तो चालत नाही. चाकू कामाच्या पिशवीत, पक्कड आणि टेस्टरच्या शेजारी ठेवा. खटक्याने उघडणारा घेऊ नका. त्याने काम काही जलद होत नाही, आणि नाक्यावर पोलिसांना समजावत बसावं लागतं ते वेगळंच. कॉलेजच्या गेटमधून आत तर अजिबात आणू नका. वर्कशॉपमध्ये हॅकसॉ आहे की!