चड्डीला लागतं, म्हणजे जुलाबच असं नाही

"दोन महिने झाले जी डॉक्टरसाहेब, लेकराले हगवण हाय. दिवसातून चार-पाच खेपा चड्डी बदलतो." आजी बोलत होती, आई मागे मान खाली घालून उभी. मुलगा सहा वर्षांचा, यंदाच पहिलीत बसवलेला. सोबतच्या पिशवीत औषधांच्या बाटल्या: जुलाब बांधायचं औषध, दोन तऱ्हेचे अँटिबायोटिक, जंताचं औषध तर तीनदा देऊन झालेलं. पोट बिघडलं म्हणून भाकर, भाजी, फळं सगळं बंद. मऊ भात, दूध आणि बिस्कीट, एवढ्यावर लेकरू दोन महिने काढत होतं.

त्याला झोपवून पोटाला हात लावला. बेंबीच्या खाली, डाव्या अंगाला, लिंबाएवढे तीन-चार टणक गोळे एका ओळीत हाताला लागले. आजीचा हात धरून तिलाही लावायला सांगितलं. ती घाबरली, गाठ आहे म्हणाली. गाठ नव्हती. साचलेली शी होती. या मुलाला जुलाब झालेच नव्हते; त्याला बद्धकोष्ठ होतं, तेही बहुधा शाळा सुरू झाल्यापासूनचं.

वर्ध्याजवळच्या आंजीत आणि आर्वी रोडवरच्या आसपासच्या गावांतून माझ्याकडे येणाऱ्या मुलांमध्ये हा घोळ मला वारंवार दिसतो. म्हणून या वेळी त्यावरच लिहितो. पाटाच्या तोंडाशी गाळ साचला तरी पाणी बाजूने पाझरत राहतं ना, तसंच हे आहे. गुदाशयात खडा अडकून बसतो, आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं, खडा आणखी कडक होतो, आणि मागून येणारी पातळ शी त्याच्या कडेने झिरपून चड्डीला लागते. आतडं ताणून ताणून इतकं सैल झालेलं असतं की शी आल्याचं मुलाला कळतच नाही. "एवढा मोठा झाला तरी लाज नाही" म्हणून त्याला मारता, ते थांबवा. तो मुद्दाम करत नाही.

फरक ओळखायला डॉक्टरच लागतो असं नाही. खऱ्या जुलाबात शी भरपूर आणि पाण्यासारखी होते, लेकरू कोमेजतं, तहानतं. तिथे ओआरएस, 14 दिवस झिंकची गोळी आणि नेहमीचं जेवण चालू ठेवणं, हा उपचार. झिरपणाऱ्या शीमध्ये चड्डीला थोडं थोडं, चिकट, उग्र वासाचं लागतं. आणि आठ-दहा दिवसांतून एकदा एवढी जाड शी होते की आई थक्क होते. आणखी एक खूण आहे. मूल दाराआड जाऊन पाय आवळतं, टाचा उचलून उभं राहतं, चेहरा लाल होतो. आया सांगतात, "जोर लावतो बिचारा." जोर लावत नसतो, आलेली शी तो दाबून धरत असतो. एकदा दुखलेलं त्याच्या लक्षात असतं. दाबली की कडक होते, कडक झाली की पुन्हा दुखते.

नवीन होतो तेव्हा मीही अशा दोघा-तिघांना जुलाबाचं औषध लिहून दिलेलं आहे. पोट न तपासता. त्यामुळे मागच्या डॉक्टरांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही.

असो. त्या आजीला मी आदल्या दिवसाचा हिशेब विचारला. सकाळी चहा आणि पाच बिस्किटं. शाळेतली खिचडी अर्धी टाकली. घरी आल्यावर आजोबांनी आणलेला बिस्किटांचा पाच रुपयांचा पुडा. संध्याकाळी दूध-टोस्ट. रात्री भात आणि वरणाचं वरचं पाणी. झोपताना पुन्हा पेलाभर दूध. मधे एकदा रडला म्हणून अजून एक पेला. दिवसभरात दूध पाऊण लिटरच्या घरात गेलं होतं, आणि शी मऊ ठेवणारा चोथा म्हणाल तर जवळपास काहीच नाही.

मुलाला चोथा किती लागतो याचा एक सोपा आडाखा आहे: वयात पाच मिळवा, तेवढे ग्रॅम. सहा वर्षांच्याला 11. मैद्याच्या 100 ग्रॅममध्ये तो 3 ग्रॅमही भरत नाही; ज्वारीच्या पिठात सुमारे 10 असतो. घरच्या एका मध्यम भाकरीला 60-70 ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे सहा-सात ग्रॅम तिथेच मिळाले. वर सालीसकट एक पेरू खाल्ला की दिवसाचा हिशेब जुळलाच. एवढी साधी गोष्ट आहे. पण पोट बिघडलं की आपण नेमकी भाकर आणि पेरूच आधी बंद करतो.

भाकरीचं नाव काढलं की म्हातारी माणसं खूश होतात आणि पोळीला शिव्या घालतात. तेही खरं नाही. गव्हाच्या पिठात कोंडा असेल तर चोथा ज्वारीइतकाच, थोडा जास्तच मिळतो. शेतात सगळीकडे सोयाबीन आणि कपाशी उभी असताना रोज ज्वारी आणायची कुठून, हाही प्रश्न आहेच. फक्त पोळी मऊसूत व्हावी म्हणून पीठ बारीक चाळणीने चाळून कोंडा गाईला घालू नका. वर्ध्याच्या मगनवाडीत 1934 साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला तेव्हा संघाचं काम पाहणारे कुमारप्पा आणि गांधीजी लोकांना हेच सांगत होते: हातसडीचा तांदूळ खा, जात्यावरचं पीठ खा. नव्वद वर्षं झाली, आणि मगनवाडीपासून तासाभरापेक्षा कमी अंतरावर मी तेच लिहितोय.

आता एक अट, आणि ती पाळायचीच. खडा बसलेला असेल तर आधी तो औषधाने काढावा लागतो. साचलेला खडा भाकरीने फुटत नाही. उलट वरून चोथा टाकला तर पोट आणखी फुगतं. पाण्यात विरघळवून द्यायची पावडर मिळते, ती शीमध्ये पाणी धरून ठेवते. सवय लागते अशी भीती सगळ्यांना असते; लागत नाही. पण डोस वजनावर ठरतो, म्हणून तो डॉक्टरांकडूनच घ्या, आणि आठ दिवसांत बरं वाटलं म्हणून बंद करू नका. सैल झालेलं आतडं आवळायला महिने लागतात. एरंडेल पाजणं, साबणाची सळी किंवा तेलात बुडवलेला विड्याच्या पानाचा देठ घालणं, हे सगळं सोडा. त्याने त्या जागेची भीती दुप्पट होते.

मग जेवण. दूध दिवसाला दोन कप, फार तर अर्धा लिटर. दुधाने पोट भरलं की मूल जेवत नाही आणि रक्तही कमी होतं. चहा मुलांना नकोच. वरणाचं पाणी नको, खालची घट्ट डाळ द्या. पालक घालून केलेली आपली डाळभाजी याला फारच चांगली, भाजी वेगळी काढून टाकायची सोयच नाही! जवसाची चटणी तेलात कालवून चमचाभर, भाकरीच्या पहिल्या घासाला. थंडीत बोरं, पेरू. संत्र्याचा रस काढू नका, फोड पापुद्र्यासकट चावू द्या. पिकलेल्या केळ्याने खडा होत नाही, कच्चटाने होऊ शकतो. हे सगळं एका दिवसात सुरू कराल तर पोटात वारा धरेल आणि आजी म्हणेल, पाहा, डॉक्टरने पोट बिघडवलं. चार दिवसांनी एक नवी गोष्ट, या बेताने घ्या. पाणी तहानेइतकं पुरे. तांब्या-तांब्या जबरदस्तीने पाजून शी मऊ होत नाही.

बिस्कीट बंद म्हटलं की गोरसपाकाचं, वर्ध्याच्या त्या खुसखुशीत बिस्किटाचं, विचारतात. वर्ध्याहून पाहुणा घेऊन आला तर खाऊ द्या की. माझं भांडण रोजच्या पुड्याशी आहे.

जेवणाइतकंच बसवणं महत्त्वाचं. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं जागं होतं, म्हणून सकाळच्या खाण्यानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर पाच-दहा मिनिटं बसवा. झालं नाही तरी रागावू नका. लहान मुलाला संडासाच्या भोकात पडायची भीती वाटते, तेव्हा समोर बसून त्याचे हात धरा. शाळेतल्या संडासात पाणी असतं का, कडी लागते का, हे एकदा स्वतः जाऊन पाहा. या मुलाचं दुखणं तिथूनच सुरू झालं होतं: कडी नव्हती, पोरं दार उघडून हसायची, म्हणून तो घरी येईपर्यंत धरून ठेवायचा.

जन्मल्यावर 48 तासांत शी न झालेलं बाळ, हिरवी उलटी, फुगून टणक झालेलं पोट, वजन न वाढणं, शीमध्ये वारंवार रक्त, पायांत अशक्तपणा: यांत घरचे प्रयोग नकोत. सरळ सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालयात न्या. आणि अंगावर दूध पिणारं दोन-तीन महिन्यांचं बाळ चार-पाच दिवस शी करत नसेल, पण शी मऊ असेल, पोट मऊ असेल, बाळ हसत-खेळत असेल, तर त्याला काहीच देऊ नका. घुट्टीही नाही.

तो मुलगा तीन आठवड्यांनी परत आला. चड्डी कोरडी, पोट मऊ. डाळभाजी खातो म्हणे, पेरूचं साल थुंकतो. आजीची तक्रार वेगळीच होती. "मी बिस्कीट बंद केलं जी. त्याच्या आजोबाले कोन सांगन?" औषधाचा डोस तोच ठेवला, आणि पुढच्या खेपेला आजोबांना सोबत आणा म्हणून चिठ्ठीवर लिहून दिलं.