हुरड्याची आगटी

बालमित्रहो, माळेगांवची यात्रा उठली आणि पौषाची थंडी अंगांत भिनूं लागली, कीं आपल्या लोहा परिसरांत शेतोशेतीं हुरड्याच्या आगट्या पेटूं लागतात. हुरडा खाल्ला नाहीं असा मुलगा आपल्या शाळेंत विरळाच. परंतु आगटींत नेमकें काय घडतें, हें किती जणांनीं निरखून पाहिलें आहे?

प्रथम कणसाचा विचार करूं. रब्बीची ज्वारी निसवल्यानंतर दाण्यांत दुधासारखा रस भरतो. त्यांत साखर असते. दाणा पिकूं लागला म्हणजे त्या साखरेचें पिष्ट होत जातें व गोडी ओसरते. दूध आटलें आहे, पण दाणा अजून नखानें दबतो, असे जे थोडे दिवस मिळतात तोच हुरड्याचा हंगाम. गूळभेंडी ही जुनी जात ह्यासाठीं नांवाजलेली आहे. परभणीच्या कृषि विद्यापीठानेंहि हुरड्यासाठीं ‘परभणी वसंत’ नांवाचें वाण काढलें आहे.

आतां भाजण्याची क्रिया. जमिनींत वीतभर खळगा करून त्यांत गोवऱ्या पेटवितात. उतावीळ मुलें ज्वाळेवरच कणीस धरतात. मग वरचे दाणे करपतात व आंतील कच्चे राहतात. जाणता मनुष्य ज्वाळा शमेपर्यंत थांबतो, आणि निखाऱ्यांवर राख चढल्यावर कणसें त्यांत खुपसतो. ही उष्णता मंद व सर्व बाजूंनीं सारखी लागते. दाण्यांत पाणी असल्यामुळें, तें आटेपर्यंत आंतील उष्णता १०० अंशांच्या फारशी वर जात नाहीं. आणि पिष्ट तर सुमारें ७० अंशांपासूनच फुगून शिजूं लागतें. म्हणजे हुरडा बाहेरून भाजतो आणि आंतून स्वतःच्याच पाण्यांत शिजतो. कणीस गरम असतांनाच चोळावें लागतें, कारण निवलेला दाणा तुसांतून सहज सुटत नाहीं. तळहात पोळले तरी चोळणारा हात आवरीत नाहीं, तो ह्याचसाठीं. पुढें तिळाची चटणी, गूळ आणि दही ह्यांचें काय करावें, हें सांगावयास शिक्षक नको.

धूर डोळ्यांना झोंबतो, म्हणून आपण त्यापासून दूर सरकतों. निखाऱ्यांना धूर नसतो, म्हणून आपण त्यांच्याजवळ सरकतों. आणि धोका आहे तो येथेंच.

मी तुमच्याएवढा असतांना एका रात्रीं, हुरडा आटोपल्यावर, उरलेले निखारे घमेल्यांत भरून आम्हीं आखाड्यावरील खोलींत नेले. ऊब छान होती. चुलत्यांनीं दाराच्या फटींत पोतें कोंबलें. पहाटे बैलांना कडबा टाकावयास गडी आला, म्हणून दार उघडलें गेलें. माझें डोकें फुटत होतें, ओकारी येत होती; चुलते तर हाका मारूनहि उठेनात. त्यांना ओढून उघड्यावर आणलें, तेव्हां बऱ्याच वेळानें ते शुद्धीवर आले. घरांत पुढें कित्येक दिवस बाहेरच्या बाधेचीच चर्चा चालली होती.

ती बाधा कोणती, हें मला महाविद्यालयांत रसायनशास्त्र शिकतांना कळलें. निखाऱ्यांना पुरेशी हवा मिळाली नाहीं म्हणजे कार्बन मोनॉक्साइड हा वायु तयार होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पट जोरानें ह्या वायूला धरून ठेवतें. मग प्राणवायूस जागाच उरत नाहीं. शेतांत तो वायु वाऱ्यावर विरून जातो, बंद खोलींत सांचत राहतो. झोपलेल्या माणसास गुदमरल्याची जाणीवहि होत नाहीं.

म्हणून पालकांना विनंति आहे, कीं कितीहि कडाका पडला तरी बाळंतिणीच्या, म्हाताऱ्यांच्या किंवा मुलांच्या बंद खोलींत जळती शेगडी ठेवूं नये. कोणास डोकेदुखी, चक्कर किंवा ग्लानि आली, तर आधीं मोकळ्या हवेंत आणावें व तात्काळ दवाखाना गांठावा. राखेखालचा निखारा विझल्यासारखा दिसतो, पण कित्येक तास जिवंत असतो. शेजारींच वाळलेला कडबा असतो, हेंहि लक्षांत असावें.

आमच्या आखाड्यावर त्या वर्षापासून हुरडा आटोपला कीं आगटींत घागरभर पाणी ओततात. चुलत्यांनीं आतां सत्तरी ओलांडली आहे. तें काम ते अजून दुसऱ्या कोणास करूं देत नाहींत.