उन्हाळ्यातला नाताळ



ऑस्ट्रेलिया दक्षिण गोलार्धात असल्याने तेथे नाताळ ऐन उन्हाळ्यात येतो. शाळांना मोठी सुट्टी असते. सिडनीत पुष्कळ लोक त्या दिवशी समुद्रकिनारी जमतात. मेणबत्त्या घेऊन उघड्यावर नाताळगीते गाण्याची प्रथा मेलबर्नमध्ये १९३८ साली सुरू झाली. बर्फावाचून त्यांचे काही अडत नाही.

मग आपल्या गोठ्यावर कापसाचा बर्फ कशाला? संत लूकच्या शुभवर्तमानात बर्फ नाही. रात्री रानात कळप राखणारे मेंढपाळ आहेत (लूक २:८). शिरूर-दौंडच्या शेतांत मेंढ्यांचा वाडा बसवून असे मेंढपाळ आजही रात्र जागतात. तारणाऱ्याच्या जन्माची वार्ता प्रथम अशांनाच मिळाली. यंदा गोठ्यावर कापूस नसला तरी चालेल. जवळच्या वाड्यावर नाताळचा फराळ मात्र जरूर पोहोचवा.