गुरूवरील ग्रहण शाळेच्या अंगणातून

ग्रहण म्हणजे सावलीचा खेळ होय, हे पाठ्यपुस्तकात प्रत्येक विद्यार्थी वाचतो. तरीही १६ फेब्रुवारी १९८० रोजी कर्नाटकापासून ओरिसापर्यंत खग्रास सूर्यग्रहण दिसले, तेव्हा देशातील अनेक शहरांचे रस्ते ओस पडले होते. गर्भवती स्त्रियांवर ग्रहणकाळात बंधने घालण्याची प्रथा आजही अनेक घरांत आढळते. वाचलेले ज्ञान डोळ्यांनी पडताळून पाहण्याची संधी न मिळाल्यास भीती टिकून राहते. अशी संधी गुरू हा ग्रह वारंवार देतो.

आयो, युरोपा, गॅनिमीड आणि कॅलिस्टो हे गुरूचे चार मोठे चंद्र गॅलिलिओने १६१० साली दुर्बिणीतून पाहिले. यांपैकी एखादा चंद्र सूर्य व गुरू यांच्यामध्ये आला, की त्याची सावली गुरूच्या तेजस्वी बिंबावर काळ्या ठिपक्याच्या रूपाने सरकताना दिसते. त्या ठिपक्याच्या जागी गुरूवर सूर्यग्रहण चालू असते. आपल्याकडील ग्रहणात निरीक्षक सावलीच्या आत उभा असतो. येथे तीच सावली त्याला बाहेरून, अखंड दिसते.

साधने व जागा

या निरीक्षणासाठी सुमारे १०० मिलिमीटर व्यासाची दुर्बीण पुरेशी होते. प्रतिमा १०० ते १५० पट मोठी केल्यास सावली ओळखता येते. ५,२६८ किलोमीटर व्यासाच्या गॅनिमीडची सावली सर्वांत ठसठशीत दिसते. गुरू तेजस्वी असल्याने त्यासाठी गडद काळोखाची गरज नसते. पुणे-सोलापूर महामार्गावरील वरवंडसारख्या (ता. दौंड) गावातही शाळेच्या मैदानावरून हे दृश्य पाहता येईल. मात्र हवा स्थिर हवी. दिवसभर तापलेले पत्रे व डांबरी रस्ता यांवरून वर येणाऱ्या उष्ण हवेमुळे प्रतिमा थरथरते. म्हणून दुर्बीण मातीच्या वा गवताच्या जागी मांडावी व अर्धा-पाऊण तास आधी बाहेर ठेवून थंड होऊ द्यावी. दिवसा ती सूर्याकडे कधीही वळवू नये.

वेळेचे गणित

आयोची सावली दर सुमारे ४२ तास २८ मिनिटांनी गुरूवर येते आणि बिंब ओलांडण्यास तिला दोन तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. अशा चार फेऱ्यांना ७ दिवस व १ तास ५४ मिनिटे लागतात. म्हणजेच सोमवारी रात्री ८ वाजता सावली बिंबावर आली, तर पुढील सोमवारी ती १० वाजण्याच्या सुमारास येईल. शिक्षकांना कार्यक्रम आखण्यास हा हिशेब उपयोगी पडेल. प्रसिद्ध होणाऱ्या कोष्टकांत बहुधा जागतिक वेळ दिलेली असते. तीत साडेपाच तास मिळवावे लागतात. १० तारखेच्या २० वाजताची घटना आपल्याकडे ११ तारखेस रात्री दीड वाजता घडते. २४ जानेवारी २०१५ रोजी तीन चंद्रांच्या सावल्या एकाच वेळी गुरूवर होत्या. परंतु भारतात तेव्हा दुपारचे बारा वाजले होते.

प्रतियुतीपूर्वी सावली चंद्राच्या पुढे चालते, तर प्रतियुतीनंतर त्याच्या मागून येते. १० जानेवारी २०२६ नंतरची गुरूची प्रतियुती फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे. त्या सुमारास गुरू जवळजवळ रात्रभर आकाशात असतो.

नोंदीचे महत्त्व

एका विद्यार्थ्याने दुर्बिणीतून पाहावे व दुसऱ्याने घड्याळ सांभाळावे. सावली प्रथम केव्हा दिसली व केव्हा बाहेर पडली, हे वहीत लिहून कोष्टकाशी ताडून पाहावे. आयोच्या ग्रहणांच्या अशाच नोंदींवरून रोमर याने १६७६ साली पॅरिस येथे प्रकाशाला प्रवासास वेळ लागतो, हे दाखवून दिले होते.

पुण्यात १९४४ साली स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था हौशी निरीक्षकांची संस्था आहे. शाळांनी अशा जाणकारांचे साहाय्य घ्यावे. ग्रामपंचायतीने एखादी दुर्बीण घेऊन पालकांनाही निमंत्रण दिले, तर आकाशातील ग्रहण ठरल्या मिनिटाला येते, ठरल्या मिनिटाला जाते आणि कोणाचेही अहित करीत नाही, याची प्रचीती संपूर्ण गावाला येईल.