पिवळ्या डोक्याचा सिव्हिल इंजिनिअर



सुरुवातीलाच एक विनंती. शाळेत माझी मराठी थर्ड लँग्वेज होती. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादकांनी दुरुस्त करावं आणि वाचकांनी सांभाळून घ्यावं. विषय मात्र मी पूर्ण अभ्यास करून निवडला आहे, आणि तो सिलॅबसमध्ये नसला तरी सिलॅबसमधल्या निम्म्या गोष्टी त्यात येतात. विषय आहे समुद्रातला एक बीळ खणणारा मासा, आणि त्याला घरच्या टाकीत जिवंत कसं ठेवायचं हा प्रश्न.

माशाचं नाव यलोहेड जॉफिश. शास्त्रीय नाव ओपिस्टोग्नॅथस ऑरिफ्रॉन्स. राहणार फ्लोरिडा, बहामा आणि कॅरिबियन समुद्र. लांबी जेमतेम १० सेंटिमीटर. अंग फिकट निळसर, डोकं पिवळं. साइटवर पिवळं हेल्मेट घालून उभ्या असलेल्या इंजिनिअरसारखा हा दिवसभर आपल्या बिळाच्या तोंडाशी पाण्यात उभा तरंगतो आणि वाहत येणारे बारीक जीव टिपून खातो. जरा धोका वाटला की शेपटीकडून सर्रकन आत! रात्री झोपताना बिळाच्या तोंडावर दगड ओढून घेतो. आपण हॉस्टेलवर कडी लावतो तसं.

आपल्याला बिळातले मासे नवीन नाहीत. कोकणात खाडीच्या चिखलात बिळं करून राहणाऱ्या निवट्या बऱ्याच जणांनी पाहिल्या असतील (आणि खाल्ल्याही असतील). पण निवटी दणकट. पाण्याबाहेर चिखलात उड्या मारत फिरते. जॉफिश तसा नाही. तो नाजूक, भित्रा, आणि त्याचं सगळं आयुष्य एका भोकावर अवलंबून. ते भोक नीट झालं नाही तर मासा टिकत नाही. हा लेख मुख्यतः त्या भोकाबद्दल आहे.

मला हे सगळं करावं लागलं ते माझ्या मामामुळे. ठाण्याला त्याच्याकडे खाऱ्या पाण्याची टाकी आहे. दुकानदाराने त्याला सांगितलं होतं, "साहेब, दोन इंच वाळू बस झाली." मामाने विश्वास ठेवला. तिसऱ्या दिवशी सकाळी मासा टाकीच्या मागे, फरशीवर सापडला. फिल्टरचा पाइप जिथून आत जातो त्या फटीतून त्याने उडी मारली होती. मामा मला म्हणाला, "अगं, तू सिव्हिलची ना? मग याला घर बांधून दे, नाहीतर मी पुन्हा मासा आणणार नाही." म्हणून पुढच्या सुट्टीत मी सॉइल मेकॅनिक्सची वही घेऊन बसले.

१) वाळू उभी का राहत नाही?

चौपाटीवर वाळूचा किल्ला उभा राहतो, कारण ती वाळू ओलसर असते. कणांच्या मधे थोडं पाणी आणि थोडी हवा असते, आणि पाण्याच्या पृष्ठताणामुळे कण एकमेकांना धरून राहतात. वहीत याला अ‍ॅपरंट कोहिजन म्हटलंय. पण टाकीत वाळू पूर्ण पाण्याखाली असते. हवा नाही, म्हणजे पृष्ठताण नाही, म्हणजे कोहिजन शून्य. अशा वाळूत उभं भोक पाडलं की कडा घसरतात आणि भोक बुजतं.

मग जॉफिश काय करतो? लायनिंग! वाळू तोंडात भरून बाहेर थुंकतो, आणि दगड, शिंपल्यांचे आणि प्रवाळाचे तुकडे उचलून आणून भिंतीला एकावर एक रचतो. चुना नाही, सिमेंट नाही, नुसतं सुकं दगडी बांधकाम. वर अरुंद उभी विहीर आणि खाली थोडी मोठी खोली. या खणण्यावर पॅट्रिक कॉलिन नावाच्या संशोधकाने १९७३ साली शोधनिबंधसुद्धा प्रसिद्ध केला आहे.

म्हणजे नुसती बारीक, सुंदर, पांढरी वाळू टाकली तर आपण इंजिनिअरला साइटवर पाठवलं आणि मटेरियलच दिलं नाही. काँक्रीटला जसं वेल-ग्रेडेड अ‍ॅग्रिगेट लागतं तसंच इथे लागतं. मोठा भाग बारीक वाळू, त्यात थोडी जाडी भरड, वरून शिंपल्यांचे तुकडे आणि माशाच्या तोंडात मावतील असे छोटे खडे. खड्यांचे आकार वेगवेगळे हवेत. खोली १२ ते १५ सेंटिमीटर. पूर्ण टाकीत इतकी वाळू नको असेल तर एका कोपऱ्यात तरी तेवढी खोली द्यावी.

२) आधी दगड, मग वाळू

टाकीतले मोठे दगड वाळूवर ठेवू नयेत. मासा खालून खणतो आणि दगड त्याच्यावर बसतो. नदीत पुलाच्या पायाखालची माती वाहून गेली की स्कोअर होतो, तेच हे. दगड थेट टाकीच्या तळावर पक्के बसवायचे आणि मग वाळू ओतायची.

दगडांवरून एक कायद्याची गोष्ट. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली आपल्या समुद्रातल्या दगडी प्रवाळांना आणि समुद्री घोड्यांना संरक्षण आहे. कोणी "ताजं समुद्रातून काढलेलं" म्हणून विकत असेल तर नको म्हणा. कृत्रिम किंवा सिरॅमिक दगडांनी काम भागतं.

३) वजन किती?

मामाची टाकी ९० बाय ४५ बाय ४५ सेंटिमीटर. १५ सेंटिमीटर वाळू म्हणजे सुमारे ६० लिटर, आणि लिटरला दीड किलो धरून ९० किलो. पाणी ४० सेंटिमीटरपर्यंत भरलं तर वाळूच्या वर १०० लिटर आणि वाळूच्या पोकळ्यांत अजून २४-२५ लिटर. म्हणजे काच आणि स्टँड सोडून २१५ किलो, आणि तेही अर्ध्या चौरस मीटरपेक्षा कमी जागेवर! आयएस ८७५ मध्ये राहत्या खोल्यांसाठी लाइव्ह लोड चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो धरलेला आहे. घाबरू नका, स्लॅब लगेच कोसळत नाही, कारण हा लोड एकाच छोट्या जागेवर असतो आणि बाकी खोली रिकामी असते. पण टाकी खोलीच्या मध्यभागी न ठेवता भिंतीलगत, खाली बीम असेल तिथे ठेवणं शहाणपणाचं. जुन्या इमारतीत आधी विचारून घ्या.

४) पाणी

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं. मामाच्या १२५ लिटरला साडेचार किलोच्या आतबाहेर. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. मरीन सॉल्ट घ्यायचं आणि आरओच्या पाण्यात विरघळवायचं. विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास, पीएच ८.१ ते ८.४, तापमान २४ ते २६ अंश. बाष्पीभवनात पाणी जातं, मीठ मागे राहतं. म्हणून रोजची भर साध्या आरओ पाण्याची, खाऱ्या पाण्याची नाही.

आता अमोनिया. माशाची विष्ठा आणि उरलेलं खाणं यातून अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्रेट. हे जिवाणू टाकीत वस्तीला यायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासा आणायचा नाही. अमोनिया शून्य आणि नायट्राइट शून्य हे टेस्ट किटवर पाहायचं, मगच दुकानात जायचं.

खाऱ्या पाण्यात ही घाई जास्त महाग का पडते? अमोनियाचा विषारी भाग पीएचबरोबर वाढतो. पीएच ७ ला एकूण अमोनियाचा अर्ध्या टक्क्याच्या आसपास भाग विषारी असतो, तर ८.२ ला तोच सात-आठ टक्क्यांच्या घरात जातो. म्हणजे गोल्डफिशच्या टाकीत एखादवेळी खपून गेलेला अमोनिया इथे जीव घेतो.

५) उन्हाळा आणि लाइट जाणं

एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पाणी सहज ३० च्या वर जातं. चिलर महाग. पृष्ठभागावर छोटा पंखा लावला तर बाष्पीभवनाने पाणी गार होतं. हिशोब करून बघा: १२५ लिटरमधलं १ लिटर पाणी उडालं तर बाकीचं पाणी साडेचार अंशांच्या आसपास खाली यायला हवं, बाहेरून उष्णता येत नसेल तर. ती येतेच, म्हणून प्रत्यक्षात दोन-तीन अंश मिळतात. पावसाळ्यात हवेत दमटपणा असतो, तेव्हा पंखा फारसा कामाचा नाही. म्हणून खोली मुळातच थंड निवडावी, नाहीतर चिलरची तयारी ठेवावी.

लाइट गेली की पंप बंद आणि ऑक्सिजन कमी. खाऱ्या आणि गरम पाण्यात ऑक्सिजन तसाही कमी विरघळतो. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात हवाच.

६) झाकण

या मुद्द्यावर तडजोड नाही. जॉफिश उडी मारतो. विशेषतः पहिल्या काही रात्री, बीळ तयार नसताना. पूर्ण टाकीवर जाळीचं झाकण, भोकं ६ मिलिमीटरच्या आसपास, आणि पाइप-वायरच्या फटी बंद. टाकीचा दिवा एकदम बंद झाला की तो दचकतो, म्हणून शेजारी एखादा झिरोचा बल्ब थोडा वेळ चालू ठेवावा.

७) खाणं आणि शेजारी

जॉफिश बिळापासून लांब जात नाही. खाणं त्याच्याकडे गेलं पाहिजे. फ्रोझन मायसिस किंवा आर्टेमिया दिवसातून दोन-तीनदा, थोडं थोडं, सिरिंजला लांब नळी लावून बिळाच्या वरच्या बाजूला सोडायचं. पंपाचा झोत थेट बिळावर नको.

शेजारी शांत हवेत. ट्रिगरफिश, डॉटीबॅक असले दादा लोक नकोत. ते खाणं पळवतात आणि याला बाहेर येऊच देत नाहीत. मग मासा आजारी नसतानाही उपाशी मरतो, आणि आपल्याला वाटतं पाणी बिघडलं.

८) आजार आणि औषध

नवीन मासा चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा. तिथे बिळाची सोय म्हणून वाळूचा डबा ठेवता येतो. मात्र तांब्याचं औषध द्यायचं असेल तर वाळू काढा. प्रवाळाची वाळू तांबं शोषून घेते आणि डोस किती उरला हे कळत नाही. तेव्हा वाळूऐवजी पीव्हीसी पाइपचे तुकडे आणि एल्बो टाकावेत. प्लंबरकडचं उरलेलं सामानही चालतं, फक्त स्वच्छ धुतलेलं हवं.

मुख्य टाकीत मासा पहिले काही दिवस दिसला नाही तर वाळू उकरून शोधू नका! त्याने बांधलेलं आपण पाडतो आणि खोल वाळूत साठलेला हायड्रोजन सल्फाइडही पाण्यात येऊ शकतो. तब्येत चांगली असल्याची खूण म्हणजे तो खडे इकडचे तिकडे करतो, बिळावर तरंगतो आणि खाण्यावर झडप घालतो. कोपऱ्यात पडून जोरजोरात श्वास घेत असेल तर ताबडतोब पाणी तपासा.

आता खरा प्रश्न. पाळावा का?

जपानमध्ये टोकियोला सुमिदा अ‍ॅक्वेरियम आहे. तिथे गार्डन ईल नावाचे सुमारे ३०० बिळातले मासे आहेत. २०२० मध्ये कोविडमुळे अ‍ॅक्वेरियम बंद झालं, माणसं दिसेनाशी झाली, आणि हे मासे माणसाला विसरले. साफसफाई करणारा जवळ आला तरी वाळूत गडप! मासे लपले की त्यांची तब्येत तपासता येईना. शेवटी मे महिन्यात टाकीसमोर टॅब्लेट लावले आणि लोकांना आवाहन केलं की व्हिडिओ कॉल करा, हात हलवा, पण मोठ्याने बोलू नका. ही बातमी सगळ्यांनी गंमत म्हणून वाचली. मला त्यातून कळलं ते असं की बिळातला मासा स्वतःची तक्रार कधीच सांगत नाही. तो फक्त आत जातो. काय बिघडलं हे बाहेरच्या माणसाने ओळखायचं असतं.

त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे. हॉस्टेलच्या रूमवर हा मासा अजिबात नाही. सुट्टीत आपण घरी जातो, मेसचा डबा बंद होतो, तसा त्याचाही बंद होईल. घरीसुद्धा रोज पंधरा मिनिटं देणारा एक माणूस, खोल वाळू, बंद झाकण आणि दीड महिना थांबण्याचा धीर या चारही गोष्टी असतील तरच. टाकीत जन्मलेला मासा मिळत असेल तर तोच घ्या. समुद्रातून एक कमी निघेल.

मामाने सहा आठवडे थांबून दुसरा जॉफिश आणला. त्याने टाकीच्या डाव्या कोपऱ्यात, आम्ही ठरवलेली जागा सोडून, स्वतःच्या मर्जीने बीळ केलं. क्लायंटने ड्रॉइंग बदललं, आपण काय बोलणार! मामा रोज ऑफिसला जाण्याआधी सिरिंज घेऊन त्याच्यासमोर उभा राहतो आणि मला मेसेज करतो, "साइटवर काम चालू आहे."

जाता जाता एक. या जातीत अंडी सांभाळायचं काम बाबांचं असतं. नर आठवडाभर अंड्यांचा अख्खा गोळा तोंडात धरून बसतो. ज्या तोंडाने दगड उचलले त्याच तोंडात, एकही न फोडता. आपण चार वर्षं मटेरियल हँडलिंग शिकतो. याला कोणी शिकवलं असेल?

कोणाला टाकी करायची असेल तर गर्ल्स हॉस्टेलच्या गेटवर निरोप ठेवा. वाळूचा हिशोब फुकट करून मिळेल. फक्त सबमिशनच्या आठवड्यात नको!