ठाणे अंमलदाराचे शिक्षण

पोलीस ठाण्याची पायरी माणूस बहुधा संकटात असतानाच चढतो. तेथे त्याला प्रथम भेटतो तो वरिष्ठ अधिकारी नव्हे, तर ठाणे अंमलदार. म्हणजे बहुधा एखादा हवालदार किंवा साहाय्यक फौजदार. आलेली हकीगत दखलपात्र गुन्ह्याची आहे की अदखलपात्र, हा पहिला प्रश्न त्याच्यासमोरच उभा राहतो. तो शिपाई म्हणून भरती झालेला असतो. म्हणून पोलीस प्रशिक्षणाचा विचार शिपायापासून होणे अगत्याचे आहे.

यांत्रिक कामाकडून विवेकाकडे

१९०२ साली ब्रिटिश सरकारने नेमलेल्या फ्रेझर आयोगाने शिपायाकडे पहारा, गस्त, कैद्यांची ने-आण अशी यांत्रिक स्वरूपाचीच कामे सोपवावीत, असे मत मांडले होते. त्याच्याकडून आज्ञापालनाची अपेक्षा होती, विचाराची नव्हे. अशा शिपायाला कवायत पुरेशी होती.

स्वातंत्र्योत्तर काळात ही दृष्टी पालटली. १९७१ मध्ये केंद्र शासनाने समाजशास्त्रज्ञ डॉ. मा. स. गोरे यांच्या अध्यक्षतेखाली पोलीस प्रशिक्षण समिती नेमली. कौशल्याइतकेच पोलिसांच्या वृत्तीला आणि समाजाच्या जाणिवेला महत्त्व देण्यावर तिचा भर होता. १९७७ साली नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगानेही शिपायाला स्वतःच्या विवेकबुद्धीने काम करता आले पाहिजे, असे प्रतिपादन केले.

फिर्याद लिहिण्याचा अभ्यास

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आली. दखलपात्र गुन्ह्याची तोंडी माहिती लिहून घेणे, ती वाचून दाखविणे व तिची प्रत विनामूल्य देणे हे या कायद्यानुसार ठाण्याचे कर्तव्य आहे. गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडला, या सबबीवर फिर्यादीला परत पाठविता येत नाही.

ही कलमे पाठ करणे सोपे आहे. घाबरलेल्या, निरक्षर वृद्धेच्या विस्कळीत बोलण्यातून घटनेची वेळ, स्थळ आणि क्रम शोधणे कठीण. म्हणून प्रशिक्षण केंद्रात एकच हकीगत अनेक प्रशिक्षणार्थींना ऐकवावी, प्रत्येकाकडून फिर्याद लिहून घ्यावी आणि त्या सर्व फिर्यादी वर्गात ताडून पाहाव्यात. कोणी काय गाळले आणि कोणी पदरचे काय घातले, ते तेथेच उघड होईल. आरंभीची अशी त्रुटी पुढे न्यायालयात आरोपीच्या पथ्यावर पडते. तर पदरच्या एका वाक्याने निरपराध माणूस कोठडीत जाऊ शकतो.

गावाचा सहभाग

या शिक्षणात गावालाही स्थान आहे. अटकेच्या पंचनाम्यावर कुटुंबातील व्यक्तीची किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही आवश्यक असते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली डी. के. बसू प्रकरणात घालून दिलेला हा दंडक आता संहितेतही आहे. सरपंच, शिक्षक यांनी अशी सही करण्यापूर्वी त्यावरील तारीख व वेळ वाचून पाहावी. प्रशिक्षण केंद्रांनीही अशा मंडळींना वर्गात बोलावून ठाण्याविषयीचा त्यांचा अनुभव ऐकावा.

दीक्षान्त संचलनाने शिक्षण संपत नाही. नवा शिपाई ठाण्यात येतो तेव्हा तो शेजारच्या जुन्या अंमलदाराचे पाहूनच काम शिकतो. तो अंमलदार फिर्यादीला बसावयास खुर्ची देत असेल, तर नवखाही देईल. तेव्हा उजळणी वर्गाची गरज नव्या शिपायापेक्षा जुन्या अंमलदारालाच अधिक आहे.