गुणपत्रिकेपलीकडचा प्रवेश

अमेरिकेत फिजिकल थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, सार्वजनिक आरोग्य या विषयांच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी देशभराची एक गुणवत्ता यादी लागत नाही. प्रत्येक विद्यापीठाची समिती अर्ज वाचते, आणि त्या समितीत पुढे वर्गावर शिकवणारे प्राध्यापकच असतात. गुणांसोबत अर्जदाराचा अनुभव आणि स्वभावही तोलण्याच्या या रीतीला समग्र मूल्यमापन म्हणतात. नीटच्या ७२० गुणांची सवय असलेल्या पालकांना ती मोघम वाटते. प्राध्यापकांचेही तिच्याविषयी एकमत नाही.

समर्थकांचा मुद्दा रुग्णालयातला आहे. लेखी परीक्षेत पहिला येणारा विद्यार्थी कण्हणाऱ्या रुग्णाशी धीराने बोलेलच, याची हमी गुणपत्रिका देत नाही.

विरोधकांची बाजूही कच्ची नाही. फिजिकल थेरपीच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी ‘कॅप्टे’ ही संस्था परवाना परीक्षेत दोन वर्षांच्या सरासरीने किमान ८५ टक्के पदवीधर उत्तीर्ण होण्याची अट घालते. निकाल घसरला तर मान्यताच अडचणीत येते. त्यामुळे शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र यांतले कच्चे गुण समिती सहसा नजरेआड करत नाही, आणि ‘तिकडे गुणांना कोण विचारतो’ ही आपल्याकडची समजूत फोल ठरते. शिवाय अर्जासोबतचे निबंध वाचायला वेळ लागतो, आणि वाचणाऱ्याची आवडनिवड निकालात उतरते ती वेगळीच. मुलाखतीतही डोकावणाऱ्या या दुसऱ्या दोषावर कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने तोडगा काढला: एका लांब मुलाखतीऐवजी काही मिनिटांच्या अनेक मुलाखती, प्रत्येक ठिकाणी परीक्षक निराळा. २०२३ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने वंशाच्या आधारे प्रवेशात झुकते माप देणे अवैध ठरवले, तेव्हापासून अर्जदाराने सोसलेल्या आणि निभावलेल्या गोष्टींच्या वर्णनाला अधिकच महत्त्व आले.

महाराष्ट्रातून बीपीटी किंवा बीडीएस करून सार्वजनिक आरोग्याकडे वळणाऱ्यांनी इंटर्नशिपमधल्या कामाची नोंद तेव्हाच्या तेव्हा ठेवावी: कोणते रुग्ण, कोणते शिबिर, स्वतः नेमके काय केले. शिफारसपत्राच्या बाबतीत आपल्याकडे मोठी चूक होते. विद्यार्थ्यानेच लिहून आणलेल्या मजकुरावर विभागप्रमुखांची सही घेतली जाते, आणि असे साचेबंद पत्र वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येते. प्रत्यक्ष काम पाहिलेल्या कनिष्ठ अध्यापकाचे पत्र त्यापेक्षा उपयोगी पडते. जीआरई ही प्रवेश परीक्षा आता अनेक विद्यापीठे मागत नाहीत. तिथे निबंधाचे आणि पत्रांचे वजन वाढते, म्हणून तयारीचा वेळही त्यांनाच द्यावा.